बा, चाराने भागू नका

अजमान

नेपाळला लोक हिमालय बघायला जातात. मी गेलो एका म्हाताऱ्याला देवापुढून उठवायला. तो उठला का आणि कसा उठला ते सगळं सांगतो, पण आधी आमच्या घरातला एक नियम माहीत असलेला बरा. लग्न झाल्या झाल्या माझ्या बायकोने, सुमनने, तो काढला. मी सांगेन तो आकडा चाराने भागायचा. अजमानमधल्या मराठी मंडळींना हा नियम आता पाठ आहे. पार्किंग शोधत दोन तास फिरलो असं मी म्हटलं, की समोरचा शांतपणे म्हणतो, "अर्धा तास ना, मग काही जास्त नाही."

मी राहतो अजमानला, नोकरी करतो तिथून जवळ दुबई मरीनातल्या एका टॉवरमध्ये, आणि आमच्या मजल्याचा फायर वॉर्डन आहे. पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, आणि काही झालं तर सगळ्यांना बाहेर काढून मग आपण शेवटी निघायचं. एकदा समुद्रापलीकडे इराणात जमीन हलली आणि आमच्या खिडक्यांचे पडदे डुलायला लागले. मी सातारा जिल्ह्यातल्या पाटणचा. कोयनेच्या त्या मुलखात पोराला बोलायच्या आधी भूकंप कळतो. मी शिट्टी फुंकली ती शारजापर्यंत ऐकू गेली. अख्खा मजला जिन्याने खाली उतरवला. खाली पोचलो तर सगळं जागच्या जागी. मॅनेजर म्हणाला, "हबीबी, एसीची हवा होती." संध्याकाळी भूकंपाची बातमी आली, पण तोवर माझं नाव 'पाटणकर एसी' पडून गेलं होतं.

त्या दिवशी माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, अकाउंट्समधला पूर्णमान. तोही पाटणचाच, पण नेपाळातल्या. काठमांडूला लागून तिकडेही एक पाटण आहे आणि तिकडेही जमीन हलते. तो मला 'दाई' म्हणतो. नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडे दाई बाळंतपणं करते, त्यामुळे सुरुवातीला मी त्याच्याशी जरा जपूनच बोलत असे.

हाच पूर्णमान एका सकाळी माझ्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला. "दाई, रात को फिर हिला. और बा अंदर बैठे हैं."

बा म्हणजे त्याचे वडील. त्यांच्या पाटणमध्ये चौकाच्या आत चौक असतात, त्यांना बहाल म्हणतात. प्रत्येक बहालात बुद्धाचं देवघर असतं, शेकडो वर्षांचं. देवाची राखण तिथल्या घराण्यांत पाळीने फिरते, आपल्याकडे गुरवांच्यात फिरते तशी. पाळी ज्याची, त्याच्याकडे किल्ली. पूजा त्याने करायची, झोपायचं तिथेच, आणि पाळी संपेपर्यंत देवाला एकटं टाकून जायचं नाही. २०१५च्या मोठ्या भूकंपात त्या देवघराच्या दारावरची लाकडी तुळई तडकली होती. खाली टेकू देऊन ठेवला होता, आणि दुरुस्ती हिवाळ्यात होणार असं गेले कित्येक हिवाळे ठरत होतं. आता पुन्हा बारीक हादरे सुरू झाले होते आणि बा रोज रात्री त्या तुळईच्या खाली चटई टाकत होते.

"आणि पाळी त्यांची नाही," पूर्णमान म्हणाला. "मेरी है. मैं यहाँ हूँ, इसलिए वो बैठे हैं."

फोनवर ते ऐकत नव्हते. पूर्णमानने रजा टाकली होती. मला म्हणाला, "दाई, तुम्हीही चला. तुम्ही बोललात तर उंटसुद्धा पोहायला लागेल."

असं कुणी म्हटल्यावर मी कुठे थांबतो. सुमन म्हणाली, "मीही येते. ह्यांना एकट्याला सोडलं तर नेपाळचा इतिहास बदलून येतील." शाळेची परीक्षा होती म्हणून लेक शेजाऱ्यांकडे राहिली. दारातून निघताना तिने मला बजावलं, "बाबा, डोन्ट नॅरेट ॲट द एअरपोर्ट. प्लीज."

काठमांडू विमानतळ

लेकीला कसं कळतं कोण जाणे. पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाने माझं आडनाव दोनदा वाचलं. "पाटन-कर? कौन सा कर?" नेपाळीत कर म्हणजे फक्त पट्टी, टॅक्स. मग त्याने जन्मगाव वाचलं. "पाटन में जन्म?"

"पाटणलाच," मी छाती काढून म्हटलं.

पासपोर्ट भारताचा, राहणं अमिरातीत, जन्म पाटणचा आणि नाव पाटणचा टॅक्स. साहेबाने खुर्ची पुढे ओढली. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर सुमनने माझ्या पायावर पाय दिला आणि काचेत वाकून म्हणाली, "सर, दूसरा पाटन. छोटा." शिक्का बसला. छोटा हा शब्द मला लागला, पण पुढच्या तीन दिवसांत त्यावर भांडायला सवड मिळाली नाही.

पाटण

पाटणच्या गल्ल्यांत सकाळपासून तांबं ठोकल्याचा आवाज असतो. दर तिसऱ्या घरात कुणीतरी बुद्धाचा कान नाहीतर तारादेवीचं बोट घडवत बसलेलं. आम्ही एका बुटक्या दारातून वाकून आत गेलो, आणि तो आवाज मागे राहिला. आत विटांचा चौक, मधोमध कमरेएवढं दगडी चैत्य, म्हणजे छोटा स्तूप, त्यावर ओलं कुंकू आणि तांदूळ. समोर देवघराचं कोरीव दार, आणि दारात चटईवर बा.

मी मोठा, आडदांड माणूस कल्पून आलो होतो. हे तर वाळवलेल्या मिरचीसारखे, डोक्यावर टोपी, डोळे मिश्कील. पूर्णमान वाकून पाया पडला. बांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला की रजा किती आहे.

माझं लक्ष मात्र वर होतं. तुळई हत्तीच्या सोंडेएवढी जाड, तिच्यावर नागमोडी नक्षी, आणि बरोबर मधून काळी चीर गेलेली. खाली साधा गोल वासा उभा केला होता.

"टेको," बा म्हणाले.

"टेकू," मी म्हटलं.

बा खूश झाले. एका शब्दावर आमची जी दोस्ती झाली ती सिनेमातून शिकलेल्या हिंदीत पुढे सरकली. शेजारच्या वहिनी पितळी ताटलीत गरम वडे घेऊन आल्या, उडदाच्या डाळीचे, चपटे, कडेने कुरकुरीत. बांना पाळीत दिवसातून एकदाच जेवता येतं, म्हणून ते नुसते आग्रहाला. मला म्हणाले, "बारा खाओ."

मी म्हटलं, "बारा नाही जमणार हो, प्रवासातून आलोय."

सुमन म्हणाली, "सवयीप्रमाणे चाराने भागा. तीन खा."

त्या वड्यांचं नावच 'बारा' आहे हे पूर्णमानने हसून हसून सांगितलं. मग बांनी 'चाराने भागा' म्हणजे काय ते विचारलं आणि सुमनने नियम समजावून दिला. म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

मी कामाला लागलो. आधी जरा रुबाब जमवावा म्हणून म्हटलं, "बा, आमचा टॉवर दोनशे मजल्यांचा आहे."

"पचास," बा म्हणाले.

मग मी कोयनेचे भूकंप काढले. चुलीवरचं भांडं उडून शेजारच्या घरात पडायचं, म्हशी चार दिवस आधी दावं तोडायच्या, असं बरंच काही. बांनी म्हशींचा एक दिवस केला आणि भांडं आपल्याच घराच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. ते म्हणाले, "बहत्तर साल में यहाँ भी," आणि मी लगेच बहात्तरच्या दुष्काळावर घसरलो. सुकडी, मिलो, खडी फोडणारी माणसं. बा नीट ऐकून घेत होते. शेवटी पूर्णमानने कानात सांगितलं की त्यांचं बहात्तर साल म्हणजे मोठा भूकंप, नेपाळी पंचांगातलं दोन हजार बहात्तर. मी दुष्काळात पाणी शोधत होतो आणि ते विटांखाली माणसं शोधत होते.

बांनी तुळईकडे बोट केलं. त्या वर्षी ती पडली नाही. त्यांचा धाकटा भाऊ समोरच्या घरात होता, ते घर पडलं. हे दार उभं राहिलं. ते म्हणाले, "इसने मुझे नहीं छोड़ा."

परतताना गल्लीत पूर्णमानने विचारलं, "जमेल ना, दाई?" मी म्हटलं, "शंभर टक्के." सुमन हळूच म्हणाली, "पंचवीस." पूर्णमान ह्या वेळी हसला नाही.

स्वयंभू

दुसऱ्या दिवशी सुमनने हट्ट धरला की स्वयंभूच्या टेकडीवर जायचं. पूर्णमानच्या आईने तिथे एक नवस केला होता म्हणे, पूर्णमान लहान असताना. आई आता नाही. तो नवस फेडायचा राहिला होता आणि सुमनला दुसऱ्यांचे राहिलेले नवस बघवत नाहीत.

वर चढताना माझी दमछाक किती झाली हे मी सांगत नाही, तुम्ही भागाल. माकडांनी माझ्या हातातलं नारळाचं बिस्किट नेलं, चष्म्यापर्यंत हात घातला. वर स्तूपाचा पांढरा घुमट, त्यावर चारी दिशांना बघणारे रंगवलेले डोळे. घुमटाच्या शेजारी एक छोटं दुमजली देऊळ आहे, आजीमाचं. मुलांना सांभाळणारी देवी. बुद्धाच्या अंगणात आजी बसलेली बघून आम्हा दोघांना एकदम घरी आल्यासारखं झालं. सुमनने हळद-कुंकू वाहिलं आणि मराठीतच बोलली, "आजी, ह्या पोराच्या बापाला जरा बुद्धी द्या."

पूर्णमान कठड्याला टेकून खाली खोऱ्याकडे बघत होता. म्हणाला, "मी बसतो म्हटलं तर नियमाने बांना उठावं लागेल. पाळी माझीच आहे. पण ते मला तिथे बसू देणार नाहीत, आणि मी त्यांना." त्याने खालचा ओठ चावला. "दोघांपैकी एकाला तुळईखाली बसावंच लागतं, दाई."

माकडं ओरडत होती. ती एकदम थांबली.

बाकी काही कळायच्या आत मला ते कळलं. मी सुमनचं मनगट धरलं. मग पायांखालून जड ट्रक गेल्यासारखं झालं, आणि देवळांच्या झालरींना टांगलेल्या सगळ्या घंट्या वाऱ्याशिवाय वाजायला लागल्या. एक बाई पोराला पोटाशी धरून खाली बसली. लोक म्हणत होते, भुइँचालो, भुइँचालो. शब्द मला आईच्या भाषेतला वाटला. भुई चालली होती.

थांबलं. घुमटावरचे डोळे तसेच बघत होते. पूर्णमानने फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावेपर्यंत आम्ही पायऱ्यांवरून पळत होतो.

टॅक्सीवाल्याला पूर्णमान काय बोलला ते कळलं नाही, पण त्याने हॉर्नवरचा हात पाटणपर्यंत काढला नाही. रस्त्यावर दुकानदार बाहेर येऊन घरांकडे मान वर करून उभे होते. शाळेची मुलं मैदानात रांगेत बसवलेली. कुठे काही पडलेलं नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. मी एक शब्द बोललो नाही. सुमनने दोनदा माझ्याकडे वळून बघितलं, माझी तब्येत ठीक आहे ना म्हणून.

बहालात

बहालाच्या लोकांनी चौक सोडला होता. सगळे गल्लीच्या तोंडाशी, मोकळ्या जागेत जमले होते आणि आतल्या दिशेने बांना हाका मारत होते. आम्ही बुटक्या दारातून आत शिरलो.

बा चटईवर होते. तसेच, मांडी घालून. टोपीवर विटांची लाल पूड पडली होती.

मी वर बघितलं. वाशाचं डोकं तुळईखालून घसरून कडेला आलं होतं. आणि तुळईचं डावं टोक भिंतीतून सुटायला लागलं होतं, लाकूड आणि विटा यांच्या मध्ये ताजी, अंधारी फट. आमच्या मजल्यावर मी ह्यापेक्षा कितीतरी कमी बघून शिट्टी फुंकली होती. आता मी कसंबसं एवढंच म्हटलं, "बा, तुळई सरकलीय. बोटभर."

बांनी मान वर न करता आपलं एक बोट पुढे धरलं. दुसऱ्या हाताने नखाएवढा तुकडा दाखवला. "चार से भाग," म्हणाले, आणि हसले.

मी आयुष्यभर फुगवत आलो त्याची सगळी थकबाकी त्या नखात होती.

सुमन पुढे झाली. घाबरली की ती मराठीशिवाय दुसरं काही बोलत नाही. हात जोडून म्हणाली, "बा, आज भागू नका. पाया पडते. भागू नका."

बांचं हसू गेलं. ताठ होऊन त्यांनी सांगितलं, "मैं नहीं भागूँगा."

सुमनने सुस्कारा सोडला. माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा, ऐकलं त्यांनी. म्हणतात, नाही भागणार."

आणि बा मांडी आणखी घट्ट करून बसले.

क्षणभर आम्ही तिघंही ते उठायची वाट बघत राहिलो. मग पूर्णमानने कपाळाला हात लावला. सुमनला तो भाउजू म्हणतो, म्हणजे वहिनी. "भाउजू, हिंदी में भागना मतलब दौड़ना. ते म्हणतायत, मी पळून जाणार नाही."

तेवढ्यात जमीन पुन्हा हलली. बारीकशी, कूस बदलल्यासारखी. वरून पूड गळली आणि वासा लाकडावर करकरला. गल्लीतून हाकांचा कल्लोळ झाला. माझे पाय चौकाच्या बुटक्या दाराकडे निघालेले मी स्वतः बघितले. सुमनचे उलट्या दिशेने निघाले. ती देवघराच्या पायरीवर चढली, टाचा उंच केल्या, आणि भिंतीच्या फटीत बोटं घातली. एक गेलं. दोन गेली. तिने सबंध पंजा आडवा करून घातला. मग हात काढून बांच्या डोळ्यांपुढे धरला. अंगठा दुमडलेला, चार बोटं, मुळापर्यंत लाल धुळीने माखलेली.

मी बोटभर म्हटलं होतं, आणि फट चार बोटांची होती. तिचा हिशेब बांनी कालच ऐकला होता.

बांनी त्या हाताकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, हा असला माणूस कमी कसा बोलला अशा नजरेने. आणि उठले.

पण ते दाराबाहेर आले नाहीत, आत वळले. "भगवान भी तो इसी के नीचे है," म्हणाले. देवाला सोडून जायचं नाही एवढाच नियम. देवाने बरोबर यायचं नाही असं कुठे म्हटलंय. मोठ्या भूकंपानंतरही देव चौकात ताडपत्रीखाली बसला होता. मात्र मूर्तीला हात लावायचा तर दीक्षा झालेला माणूस हवा, आणि एकट्याच्याने ती उचलत नाही.

"पूर्ण," त्यांनी हाक मारली. "तेरी पाली है."

पूर्णमानने बूट काढले, घड्याळ काढलं, कातडं आत चालत नाही म्हणून पट्टाही काढला, आणि दुबईत शिवलेली पँट एका हाताने सावरत तुळईखालून आत गेला. लहानपणी डोकं भादरून दीक्षा घेतली त्यानंतर तो बहुधा पहिल्यांदाच गाभाऱ्यात जात होता.

आम्हाला आत जायची मुभा नव्हती. पण टेकू बाहेर होता. मी त्याला खांदा लावला, सुमनने मला. आतून मंत्र ऐकू येत होते, घाईचे, मध्येच पूर्णमानचा अडखळलेला आणि बांनी दुरुस्त केलेला शब्द. मला ओरडावंसं वाटत होतं की चुका राहू द्या, पुढे चला. वाशातून लाकडाची थरथर खांद्यात येत होती.

मग ते दोघं आले. मध्ये बांच्या शालीत गुंडाळलेली घागरीएवढी तांब्याची मूर्ती, एका बाजूला बाप, एका बाजूला मुलगा, मुलाची पँट घोट्यापर्यंत आलेली आणि दोघांनाही त्याची शुद्ध नाही. त्यांनी मूर्ती चैत्याशेजारी ठेवली. सुमनने मला मागे ओढलं. मी म्हटलं, "वॉर्डन शेवटी निघतो," आणि टेकू सोडला.

आता ही गोष्ट माझी असती तर मी खांदा काढताच तुळई कोसळली असती. काहीच झालं नाही. वासा उभा, तुळई वर. बांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा 'पाटणकर एसी' झाल्यासारखं वाटलं. शेजारच्या वहिनींनी चौकात चहा आणला. आमचा चहा झाला. वहिनी नळाखाली कप धुवायला बसल्या. आणि तेव्हा, जमीन अजिबात हललेली नसताना, वासा हळूच आडवा झाला आणि तुळई वरच्या विटा घेऊन चटईवर आली.

धूळ बसली. बा आपल्या चटईच्या जागेकडे बघत होते. मग त्यांनी पूर्णमानच्या पँटकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "पट्टा नीचे दब गया तेरा."

बहालाची वडील मंडळी आली, देवाची क्षमा मागणारी पूजा झाली, निळी ताडपत्री बांधली. उरलेली पाळी पूर्णमानने स्वतः बसून पुरी केली. बा त्याच्या शेजारी बसून चुका काढत होते. आम्ही दोघं त्याच्याआधी परतलो.

दुबई मरीना

अजमानमध्ये मी ही हकीकत सांगतो तेव्हा बोटभरच म्हणतो. जे म्हटलं ते म्हटलं. सुमन बाजूला चार बोटं वर करून दाखवते आणि मंडळी निमूट ऐकून घेतात.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत पूर्णमानने बांना व्हिडिओ कॉल लावला. मागे नवी तुळई दिसत होती, पांढरी, अजून कोरायची राहिलेली. मी फोन खिडकीकडे वळवून त्यांना समुद्र दाखवला, बोटी दाखवल्या.

"कितने मंज़िल बोला था?" बांनी विचारलं.

"त्रेपन्न," मी म्हटलं. खरा आकडा. मीच तो पहिल्यांदा नीट मोजला होता.

बांनी ओठ हलवत हिशेब केला. "दो सौ बारह," म्हणाले आणि मान डोलावली. "हिलता है क्या?"

बाहेर चांगलंच वारं होतं. पडदे डुलत होते. मी म्हटलं, "थोडासा."

फोनमधला चेहरा एकदम बदलला. "थोडासा?" ते म्हणाले. "तू थोडासा बोला?" मग पूर्णमानला नेवारीत, त्यांच्या घरच्या भाषेत, काहीतरी दरडावून सांगितलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

पूर्णमान खुर्ची मागे सारून उठला होता. "दोघं आत्ताच्या आत्ता खाली उतरा म्हणतात. आणि फोन बंद करायचा नाही. त्यांना आपण उतरताना बघायचंय."

मी पिवळं जाकीट घातलं. आम्ही उतरलो, जिन्याने, आणि वॉर्डन म्हणून मी शेवटी.